तड्याच्या टोकाचा ताण वाचू नका : संगणकावर तडा तपासायला शिकणाऱ्यांसाठी

जूनमध्ये मासेमारी बंद झाली की मिरकरवाडा, हर्णै, साखरीनाटे, देवगड, सगळीकडे दुरुस्तीची कामं निघतात. जाळं ओढणाऱ्या विंचच्या ब्रॅकेटवर रंगातून गंजाची बारीक तांबूस रेघ वर आलेली असते. फॅब्रिकेटर रंग खरवडतो, तर खाली तडा. मालकाचा प्रश्न सरळ असतो: नारळी पौर्णिमेनंतर बोट समुद्रात जायची आहे, हा ब्रॅकेट यंदाचा हंगाम काढेल का?

लोणेरे, रत्नागिरी, मालवण इथे इंजिनिअरिंग शिकणाऱ्या एखाद्या मुलाकडे किंवा मुलीकडे हा प्रश्न आला, तर पुढचं साधारण ठरलेलं असतं. ब्रॅकेटचं मॉडेल काढायचं, मेश टाकायचा, लोड लावायचा आणि जिथे लाल रंग सर्वांत गडद तिथला आकडा वाचायचा. भोक, खाच, कोपरा यांच्या बाबतीत ही रीत चालून जाते. तड्याच्या बाबतीत तो आकडा निरर्थक असतो. त्याच्याऐवजी काय वाचायचं आणि ते वाचता यावं म्हणून मॉडेल कसं बांधायचं, ते इथे क्रमाने सांगतो. फाइनाइट एलिमेंटची तोंडओळख तुम्हाला आहे, तड्याचं गणित मात्र कधी केलेलं नाही, असं धरून चालतो.

लाल रंग का फसवतो

१९१३ साली इंग्लिसने पत्र्यातल्या लंबवर्तुळाकार भोकाचं गणित मांडलं. भोकाच्या टोकाशी ताण किती पट वाढतो? लांबीला रुंदीने भागा, त्याची दुप्पट करा आणि त्यात एक मिळवा. गोल भोकाला तिप्पट. लांबी रुंदीच्या दहापट असेल तर एकवीसपट. तडा म्हणजे रुंदी जवळजवळ शून्य असलेलं भोक, त्यामुळे सूत्रातून उत्तर येतं अनंत.

संगणक अनंत दाखवू शकत नाही. तो तुमच्या एलिमेंटच्या आकाराला परवडेल तेवढा आकडा दाखवतो. समजा ४ मिमीच्या एलिमेंटला टोकाशी ३०० मेगापास्कल आले. मेश २ मिमीचा केला की ४२० च्या आसपास येतील, १ मिमीचा केला की ६०० च्या आसपास. दर वेळी सुमारे १.४ पट, कारण टोकाजवळचा ताण अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. हा आकडा कुठे थांबतच नाही. म्हणून 'टोकाशी ताण यील्डच्या (धातू कायमचा वाकू लागतो त्या ताणाच्या) वर गेला, ब्रॅकेट तुटणार' हे वाक्य रिपोर्टमध्ये लिहू नका, आणि 'यील्डच्या खाली आहे, काळजी नाही' हे तर मुळीच लिहू नका.

ग्रिफिथने १९२१ मध्ये प्रश्नच बदलला. टोकाशी ताण किती हे विचारण्याऐवजी त्याने विचारलं, तडा थोडा पुढे गेला तर किती ऊर्जा मोकळी होते आणि नवा पृष्ठभाग तयार व्हायला किती लागते. १९५७ मध्ये अर्विनने टोकाजवळच्या साऱ्या ताणक्षेत्राची तीव्रता सांगणारा एकच आकडा दिला. तो म्हणजे स्ट्रेस इंटेन्सिटी फॅक्टर, 'के'. १९६८ मध्ये राइसने 'जे' इंटिग्रल मांडलं. टोकाभोवती कुठल्याही वाटेने फेरी मारून ते काढलं तरी उत्तर तेच येतं, आणि लवचीक पदार्थात ते थेट 'के' शी जोडलेलं असतं. मेश बारीक करत गेलात की 'के' आणि 'जे' एका किमतीवर येऊन स्थिरावतात. तुमचा भरवसा त्यांच्यावर हवा.

पहिली पायरी संगणकाबाहेरची

तडा मोजा. गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढा, रंग रसायनाने उतरवा. ग्राइंडर फिरवायची घाई करू नका. ग्राइंडरने धातू पसरतो, तड्याचं तोंड लिंपलं जातं आणि मग डाय पेनिट्रंटची, म्हणजे तड्यात मुरणाऱ्या रंगद्रव्याची, लाल रेघ उमटतच नाही. डाय टेस्टने पृष्ठभागावरची लांबी कळते, खोली कळायला अल्ट्रासॉनिक लागतं. दिसलेल्या टोकाच्या पुढे एक-दोन मिलिमीटर धरून चाला, कारण खरं टोक डोळ्याला दिसणाऱ्या टोकाच्या थोडं पुढे असतं. पत्र्याची जाडीही गेजने मोजा. खाऱ्या हवेत १० मिमीचा पत्रा १० मिमीचा राहिलेला असेलच असं नाही, आणि ड्रॉइंगवरची जाडी घेऊन केलेलं गणित हे ड्रॉइंगचं गणित होतं.

सोबत दोन गोष्टी लिहून ठेवा: तडा वेल्डच्या पायथ्याशी आहे की पत्र्यात, आणि तो ओढीच्या दिशेला काटकोनात आहे की तिरका. तिरका असेल तर त्याची तोंडं उघडण्याबरोबर एकमेकांवरून घसरतातही, आणि गणित थोडं बदलतं. त्याकडे शेवटी येऊ.

दुसरी पायरी: आधी कागदावर

खऱ्या ब्रॅकेटला थेट हात घालू नका. ज्याचं उत्तर माहीत आहे असा एक पत्रा आधी सोडवा. १०० मिमी रुंद, ४०० मिमी उंच पोलादी पत्रा घ्या. उंचीच्या मध्यावर डाव्या कडेपासून आत गेलेला २० मिमी तडा. वर-खाली १०० मेगापास्कलची सारखी ओढ.

सूत्र असं आहे: के = वाय × ताण × √(३.१४१६ × तड्याची लांबी). 'वाय' हा आकाराचा गुणक. कडेच्या तड्यासाठी, लांबी भागिले रुंदी याला 'अ' म्हटलं, तर वाय = १.१२ − ०.२३१अ + १०.५५अ² − २१.७२अ³ + ३०.३९अ⁴. 'अ' ०.६ पर्यंत असेल तोवर हे सूत्र चांगलं चालतं. आपला 'अ' ०.२, म्हणून वाय १.३७. लांबी मीटरमध्ये घातली की के येतो ३४.४ मेगापास्कल √मीटर. हा आकडा वहीत लिहा आणि त्याखाली रेघ मारा, पुढे तो वारंवार लागणार आहे.

तडा १० मिमी असता तर के २१ आला असता. लांबी दुप्पट झाल्यावर के वर्गमुळाच्या हिशोबाने १.४१ पट व्हायला हवा होता, प्रत्यक्षात १.६४ पट झाला. उरलेला पत्रा कमी झाला आणि त्यात वाकही आला, त्याचा हा परिणाम.

एककांबद्दल इथेच सावध करतो. सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक जण मिमी, न्यूटन, मेगापास्कल वापरतात. तिथे हाच के १०८७ मेगापास्कल √मिमी असा येईल. दोन्हींत ३१.६ पटीचा फरक आहे. पुस्तकातली टफनेस (तडा अचानक फुटेपर्यंत धातू जेवढा के सोसतो तो आकडा) मीटरमध्ये आणि तुमचा के मिलिमीटरमध्ये ठेवून तुलना केलीत, तर धडधाकट पत्रा मोडीत जाईल.

तिसरी पायरी: मॉडेल

हा पत्रा वर-खाली सारखा आहे, म्हणून वरचा अर्धाच भाग काढा: १०० मिमी रुंद, २०० मिमी उंच. खालच्या कडेचे पहिले २० मिमी मोकळे सोडा, तो तडा. उरलेले ८० मिमी उभ्या दिशेने बांधा. आडव्या दिशेला फक्त एक नोड बांधा, म्हणजे पत्रा इकडे-तिकडे सरकणार नाही. वरच्या कडेवर १०० मेगापास्कलची ओढ लावा.

वरची कड सारखी वर उचलण्याचा मोह होतो, कारण ते सोपं वाटतं. तसं केलंत की ती कड वळू शकत नाही, पत्र्यातला वाक अडतो आणि के बराच कमी येतो. सूत्र मोकळ्या, सारख्या ओढीचं आहे. खऱ्या ब्रॅकेटमध्येही हाच प्रश्न विचारायचा असतो: पलीकडचं टोक घट्ट वेल्ड केलंय की पिनवर फिरतंय? उत्तर चुकतं ते पुष्कळदा इथेच. मेशचा दोष क्वचित असतो.

पोलादासाठी यंगचा गुणांक २,१०,००० मेगापास्कल आणि पॉइसनचं गुणोत्तर ०.३ घ्या. प्लेन स्ट्रेन (जाड पत्र्याच्या गाभ्यातली स्थिती) की प्लेन स्ट्रेस (पातळ पत्र्यातली) हे ठरवा आणि ते शेवटपर्यंत बदलू नका. इथे प्लेन स्ट्रेन धरू.

चौथी पायरी: टोकाभोवतीचा मेश

साऱ्या पत्र्यावर बारीक मेश नको. टोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं काढा आणि बाहेर जाल तसा मेश मोठा होऊ द्या. सर्वांत आतल्या वर्तुळाची त्रिज्या तड्याच्या लांबीच्या विसाव्या ते पन्नासाव्या भागाएवढी, म्हणजे इथे १ ते ०.४ मिमी. अर्ध्या वर्तुळात निदान आठ पाकळ्या ठेवा.

आता या विषयातली सर्वांत देखणी युक्ती. आठ नोडच्या चौकोनी एलिमेंटची एक बाजू टोकावर मिटवून त्याचा त्रिकोण करा, आणि टोकाला लागून असलेल्या बाजूंचे मधले नोड मध्यावरून उचलून टोकापासून पाव अंतरावर ठेवा. एवढ्याने एलिमेंटच्या आत ताण बरोबर अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढू लागतो. १९७५-७६ मध्ये हेन्शेल व शॉ आणि बारसूम यांनी हे स्वतंत्रपणे दाखवलं. नवा एलिमेंट नाही, नवी ओळ कोडमध्ये नाही, फक्त नोड सरकवायचे. बहुतेक व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये यासाठी एक पर्याय असतो, आणि जीमेश व कॅल्क्युलिक्ससारखी मोफत साधनं वापरत असाल तर इनपुट फाइलमधले निर्देशांक छोट्या पायथन स्क्रिप्टने बदलता येतात. तो पर्याय नुसता टिचकी मारून वापरण्याआधी एकदा हाताने करून बघा.

पाचवी पायरी: के काढा, आणि एकाच वाटेने काढू नका

पहिली वाट विस्थापनाची. ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालते. तड्याच्या मोकळ्या कडेवरचे नोड किती उचलले गेले ते वाचा. टोकामागे 'र' अंतरावर नोड 'व' इतका वर गेला असेल तर के = (ई × व ÷ ४) × √(६.२८३ ÷ र). इथला 'ई' प्लेन स्ट्रेनचा, म्हणजे २,१०,००० भागिले ०.९१, सुमारे २,३०,८००. आपल्या पत्र्यात टोकामागे १ मिमीवर ०.००७५ मिमीच्या आसपास उचल दिसायला हवी. तीनचार नोडवरून के काढा, 'र' समोर आलेख मांडा आणि रेघ शून्य अंतरापर्यंत मागे न्या. टोकाला अगदी चिकटलेला नोड त्यातून वगळा.

दुसरी वाट 'जे' इंटिग्रलची. पाच-सहा फेऱ्या मागा. पहिल्या फेरीचं उत्तर टाकून द्या, कारण ती टोकाच्या एलिमेंटमधून जाते. दुसरीपासून पुढची उत्तरं एक-दोन टक्क्यांत जुळली पाहिजेत. जुळत नसतील तर मेश किंवा बंधनं तपासा, सरासरी काढून पुढे जाऊ नका. अपेक्षित जे, म्हणजे के चा वर्ग भागिले तोच 'ई', ५.१ न्यूटन प्रति मिमी. २.५६ आला तर घाबरू नका: मॉडेल अर्धं आहे आणि सॉफ्टवेअरने अर्धीच ऊर्जा मोजली आहे, दुप्पट करा. हे न ओळखता पुढे गेलात तर के २४.३ येईल, आणि तो दिसायला इतका समंजस आकडा आहे की शंकाही येणार नाही. म्हणून तर वहीतली ती रेघ.

तिसरी वाट व्हीसीसीटीची (तडा बंद करायला लागणारी ऊर्जा मोजण्याची पद्धत), रायबिकी आणि कॅनिनन यांची, १९७७ मधली. टोकाच्या नोडवरची प्रतिक्रिया गुणिले त्याच्या लगतच्या मागच्या नोडची उचल, भागिले एलिमेंटची लांबी आणि जाडी. अर्ध्या मॉडेलमध्ये थेट ऊर्जा मिळते. इथे पाव अंतराची युक्ती वापरू नका. साधे चार नोडचे, सारख्या आकाराचे एलिमेंट घ्या. फायबरग्लासच्या बोटींमध्ये थर सुटतात, त्यासाठी पुढे हीच वाट तुमच्या उपयोगी पडेल.

तिन्ही उत्तरं ३४.४ च्या दोन-तीन टक्क्यांत आली की तुमचं हत्यार परजलं गेलं. आता खरा ब्रॅकेट घ्या.

आलेला के खरंच लागू पडतो का

इथे पुष्कळ रिपोर्ट गप्प बसतात. लवचीक गणितातला के तेव्हाच अर्थपूर्ण असतो जेव्हा टोकापाशी धातू मऊ होऊन वाहण्याचा टापू तड्याच्या मानाने लहान असतो. बांधकामातलं २५० मेगापास्कल यील्डचं पोलाद घ्या. के ३४.४ असताना पातळ पत्र्यात हा टापू सुमारे ६ मिमी, जाड पत्र्याच्या गाभ्यात सुमारे २ मिमी. २० मिमीच्या तड्यापुढे ६ मिमी हे लहान नव्हे. म्हणजे एकाच जबर झटक्याने ब्रॅकेट तुटेल का, हे विचारायचं असेल तर धातूचा खरा ताण-विकृती आलेख घालून जे इंटिग्रल नव्याने काढावं लागेल. त्या गणितात मधले नोड पाव अंतरावर ठेवत नाहीत, मध्यावरच ठेवतात, आणि टोकावरचे एकत्र आलेले नोड एकमेकांपासून मोकळे सोडतात.

साधं पोलाद थंडीत ठिसूळ होतं. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला उभं असलेलं स्केनेक्टडी हे टँकर जहाज शांत पाण्यात मधोमध फुटलं, ते यामुळेच गाजलं. आपल्या किनाऱ्यावर तशी थंडी पडत नाही आणि साध्या पोलादाची टफनेस इथल्या तापमानाला बहुधा १०० मेगापास्कल √मीटरच्या वर असते. माझं मत असं की कोकणात धोका बहुतेक वेळा एका झटक्याचा नसतो, रोजच्या हेलकाव्यांचा आणि गंजाचा असतो. वेल्डच्या शेजारी कडक झालेला पट्टा हा अपवाद, त्याला वेगळं तपासा.

हंगाम काढेल का

१९६३ मध्ये पॅरिस आणि एर्डोगान यांनी मांडलं की लोडच्या एका फेऱ्यात (एक चढ आणि एक उतार) तडा किती वाढतो हे के च्या चढ-उताराच्या घातावर ठरतं. पोलादासाठी घात साधारण ३. याचा अर्थ के मध्ये दहा टक्के चूक केलीत तर वाढीच्या वेगात तेहतीस टक्के चूक. १० मिमीच्या तड्याला के २१, २० मिमीला ३४.४, म्हणजे तडा दुप्पट झाला की वेग सुमारे ४.४ पट.

या नियमात कोरड्या हवेतल्या साध्या पोलादासाठी वापरला जाणारा वरच्या मर्यादेचा स्थिरांक धरला, तर १० मिमीचा तडा १०० मेगापास्कलच्या प्रत्येक फेऱ्याला सुमारे ०.००००६४ मिमी वाढतो. लाट आठ सेकंदांची असेल तर दिवसाला १०,८०० फेरे, म्हणजे रोज जवळजवळ ०.७ मिमी. पण प्रत्यक्ष चढ-उतार २० मेगापास्कलचाच असेल तर वेग त्याच्या १२५ वा भाग होतो. बघा, लोडच्या अंदाजात पाचपट फरक पडला आणि उत्तर 'एका महिन्यात' पासून 'अनेक वर्षांत' पर्यंत गेलं. म्हणून मेश दुसऱ्यांदा बारीक करण्यात जी संध्याकाळ घालवणार होता, ती तांडेलाशी बोलण्यात घालवा. जाळं तळाला अडकतं तेव्हा विंचवर किती ओढ येते, दिवसातून किती वेळा ओढतात, वाऱ्याच्या दिवशी काय होतं. हिशोब साध्या स्प्रेडशीटमध्ये होतो: अर्ध्या मिलिमीटरच्या टप्प्याने तडा वाढवत जा, दर टप्प्याला के नव्याने काढा, फेरे मोजा. समुद्राच्या पाण्यात वेग हवेपेक्षा काही पट जास्त असतो, त्यामुळे हवेतला स्थिरांक वापरून दिलासा देऊ नका.

आणि उत्तर काहीही आलं तरी बोटीवरचा भार पेलणारा तडा दुरुस्तीशिवाय समुद्रात पाठवायचा निर्णय विद्यार्थ्याच्या गणितावर होता कामा नये. गणिताचं काम आहे ब्रॅकेट कुठे जाड करायचा, वेल्ड कुठे हलवायचा आणि पुढची तपासणी किती दिवसांनी करायची हे सांगणं.

लोड दिसत नाही तेव्हा

कोकण रेल्वेचे रूळ सलग वेल्ड केलेले असतात. तिथे गाडी नसतानाही ताण असतो, कारण रूळ आखडू शकत नाहीत. रूळ ज्या तापमानाला ताणरहित बसवला त्याच्या खाली प्रत्येक अंशाला सुमारे २.४ मेगापास्कल ओढ येते. वीस अंश खाली गेलं की ४८. मॉडेलमध्ये फक्त चाकाचं वजन लावून हा भाग विसरलात तर के कमी येणारच. वेल्ड थंड होताना अडकून राहिलेला ताणही याच जातीचा.

जेटीच्या काँक्रीटला हे चालत नाही

जेटीच्या स्लॅबला गंजलेल्या सळईच्या रेषेत गेलेली भेग बघून लगेच के काढू नका. काँक्रीटच्या टोकापुढचा भाग एकदम तुटत नाही, खडी काही काळ दोन्ही बाजूंना धरून ठेवते. या पदार्थाची स्वतःची एक लांबी असते: यंगचा गुणांक गुणिले तुटायची ऊर्जा, भागिले ओढ-ताकदीचा वर्ग. ३०,००० मेगापास्कल, ०.१ न्यूटन प्रति मिमी आणि ३ मेगापास्कल घातले तर ती येते सुमारे ३३० मिमी. २०० मिमीच्या स्लॅबपेक्षा मोठी, म्हणून के ला तिथे जागाच उरत नाही. हिलरबोर्गने १९७६ मध्ये यासाठी कोहेसिव्ह पद्धत दिली. भेग जिथून जाईल तिथे असे एलिमेंट घालायचे की ते उघडत जाताना हळूहळू ताकद सोडतील.

भेग कुठे जाईल हेच माहीत नसेल तर एक्सफेम (एक्स्टेंडेड फाइनाइट एलिमेंट पद्धत), १९९९ ची. तिच्यात तडा मेशच्या रेषांमधून न जाता एलिमेंट कापून जाऊ शकतो, दर टप्प्याला मेश नवा करावा लागत नाही. मोफत साधनांपैकी कोड-अॅस्टरच्या काही आवृत्त्यांमध्ये ती आहे. फेज-फील्ड (तडा रेषेऐवजी पसरट पट्टा म्हणून धरणारी पद्धत) त्याहून नवी आणि फाटे फुटणाऱ्या भेगांसाठी उत्तम, पण तिला फार बारीक मेश लागतो आणि घरच्या लॅपटॉपवर ती रात्र खाते. सुरुवातीला दोन्ही बाजूला ठेवा. ज्याला कडेच्या तड्याचा के तीन वाटांनी जुळवता येत नाही त्याला फेज-फील्डचं रंगीत चित्र काही शिकवत नाही.

सरावासाठी दोन पत्रे

तोच १०० मिमी रुंद पत्रा, पण तडा मधोमध, एकूण ४० मिमी. दोन्ही बाजूंनी सारखा आहे, म्हणून पाव भाग काढला तरी पुरतो. के २७.९ मेगापास्कल √मीटर आला पाहिजे. कडेच्या २० मिमीच्या तड्याला ३४.४ होता हे आठवा. इथे एकूण तडा दुप्पट असूनही के कमी आहे, कारण पत्रा वाकत नाही.

नंतर ४०० मिमी रुंद पत्र्याच्या मध्यात तोच ४० मिमीचा तडा ४५ अंशांत तिरका ठेवा. आता अर्ध्या मॉडेलचा आधार नाही, पूर्ण पत्रा काढावा लागेल. उघडण्याचा के आणि घसरण्याचा के, दोन्ही १२.५ च्या आसपास आणि जवळजवळ सारखे यायला हवेत. मग टोकाभोवती सर्वांत जास्त परिघी ताण कुठल्या दिशेला आहे ते शोधा, कारण एर्डोगान आणि सी यांच्या १९६३ मधल्या निकषानुसार तडा त्याच दिशेने पुढे फुटतो. तो आपल्या मूळ रेषेपासून ५३ अंशांनी वळायला हवा, आणि ओढीला आडवा व्हायच्या बाजूला वळायला हवा. उलट्या बाजूला वळला तर घसरण्याच्या के चं चिन्ह उलटं धरलं गेलं आहे.